काडतूस आधी की रायफल?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बंदुकीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी मोहन्याचा. येथील एन.आर.सी. कंपनीत (2009 साली ती बंद पडली) लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचे सूत निघत असे. त्या लगद्यातील सेल्युलोज हाच काडतुसातील आधुनिक दारूचाही पाया आहे, हे वाचनात आले आणि कुतूहल वाढले.

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नळी, दस्ता आणि चाप येतात. इतिहास पाहता मात्र अनेकदा आधी काडतूस बदलले आणि त्यामागून रायफल बदलावी लागली.

जुनी काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपच उरतो. त्यामुळे दाट धूर, नळीत काजळी आणि गोळीला बेताचाच वेग. साहजिकच गोळी जाड व जड ठेवावी लागे. 1871 च्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीचा व्यास .45 इंच होता.

1846 साली शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून 'गनकॉटन' तयार केले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच! पण हा पदार्थ अतिवेगाने जळे आणि धुण्यात आम्लाचा अंश राहिला तर आपोआप पेट घेई. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने तो द्रावकात मळून त्याच्या पातळ चकत्या केल्या व जळण्याची गती ताब्यात आणली. या बिनधुराच्या दारूवर 1886 साली 8 मिलिमीटरची लेबेल रायफल निघाली. त्याच सुमारास शार्दोने या फ्रेंच संशोधकाने नायट्रोसेल्युलोजपासूनच कृत्रिम रेशीम काढले, हा योगायोग मोहनेकरांना विशेष वाटावा.

इंग्रजांची .303 रायफल 1888 ची. तिचा खटका व गोळ्यांची पेटी ली याची, तर नळीतील उथळ चऱ्या मेटफर्डच्या. पुढे नायट्रोग्लिसरीन व गनकॉटनपासून केलेली 'कॉर्डाइट' दारू आली. तिच्या उष्णतेने त्या चऱ्या लवकर झिजू लागल्या. म्हणून एन्फिल्डच्या कारखान्याने खोल चऱ्यांची नळी केली आणि 1895 साली 'ली-एन्फिल्ड' अवतरली. वाढलेल्या वेगात नुसते शिसे टिकेना, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण चढले. काडतुसाचे कवच पितळेचे राहिले, त्यालाही कारण आहे. दाबाने पितळ फुगून मागची वाट बंद करते व दाब ओसरताच किंचित आकसते. त्यामुळे रिकामे कवच सहज बाहेर येते.

आपल्याकडे ही रायफल बंगालमधील ईशापूरला बनत असे. 1962 च्या चीन युद्धातही आपले जवान मुख्यतः तीच घेऊन लढले. त्यानंतर 7.62 मिलिमीटरची रायफल आली आणि 1990 च्या दशकात 5.56 ची 'इन्सास'. इन्सासचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेत झाला. काडतुसांच्या बाबतीत तर महाराष्ट्राचा वाटा मोठा. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, तर वरणगावचा 1964 चा. भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोटके व दारू तयार होते.

24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या याच कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. शॉनबाइनच्या शोधानंतर पावणेदोनशे वर्षे उलटली, तरी हा पदार्थ हाताळणाऱ्याचा धोका सरलेला नाही. ली, मेटफर्ड, मार्टिनी ही नावे रायफलींमुळे आपल्याला ठाऊक आहेत. काडतुसाच्या बुडावर मात्र फक्त कारखान्याची खूण आणि साल असते. ते घडविणाऱ्या कामगाराचे नाव तेथे कधीच नसते. शस्त्रांचा इतिहास वाचताना या माणसांची आठवण ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.