सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञांचा संघ कशासाठीं?

वैद्य म्हटला म्हणजे खाटेजवळ बसून रोग्याची नाडी पाहणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु वैद्यकाची एक शाखा अशी आहे कीं, तिच्यांत रोगी हा एक मनुष्य नसून सबंध गांव असतें. येरळा आटली म्हणजे वडूजचीं मुलें कोणत्या विहिरीचें पाणी पितात, लस कोणास टोचली व कोण राहिला, ह्याची चौकशी करणें हें ह्या वैद्याचें काम. तें यशस्वी झालें तर कांहींच घडत नाहीं. आणि जें घडलें नाहीं त्याबद्दल आभार कोण मानणार?

अशा लोकांनीं आपला संघ कां स्थापावा, असें आमचे विद्यार्थी विचारतील. उत्तरादाखल एक जुनी हकीकत सांगतों.

इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला व पुढें आपल्या सातारा जिल्ह्यांतहि पसरला. डॉ. हाफकिन ह्यांनीं मुंबईस त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांस हा रोग झाला नाहीं. तरीहि सरकारी चौकशींत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन ह्यांस आपल्या जागेवरून दूर व्हावें लागलें. बाटली उघडण्याचा चिमटा गांवांतच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ह्या गोष्टीचें महत्त्व ओळखण्यास त्या शास्त्राचेच जाणकार पाहिजे होते. जुलै १९०७ मध्यें दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन ह्यांचा पक्ष मांडला. त्यांत हिंवतापाचें कोडें उलगडणारे सर रोनाल्ड रॉस होते. तसेच तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ ह्या संस्थेच्या मंडळाचे अध्यक्ष विल्यम स्मिथ हेहि होते. हाफकिन निर्दोष ठरले व कलकत्त्यास पुन्हां कामावर रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्यें त्यांचें नांव मिळालें.

अर्थात् जो संघ निरपराध्याचा कैवार घेतो, तोच उद्यां आपल्या चुकारांसहि पाठीशीं घालूं शकेल. हा धोका आम्हांस खोटा वाटत नाहीं.

आपल्या देशांत इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन ही संस्था १९५६ मध्यें स्थापन झाली. प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तज्ज्ञांची दुसरी संस्था १९७४ मधील. कोणास वैद्यकीचा परवाना द्यावा वा काढून घ्यावा, हा अधिकार ह्यांस नाहीं. तो कायद्यानें नेमलेल्या वैद्यक परिषदांचा. ह्यांच्या हातीं नियतकालिकें, वार्षिक परिषदा व शब्द एवढेंच आहे. एका जिल्ह्याचा अनुभव छापला गेला म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याला तीच ठेंच पुन्हां लागत नाहीं. शिवाय, एकटा नोकर वरिष्ठांस जें सांगण्यास कचरतो, तें संघ सांगूं शकतो.

मे २०२० मध्यें, कोरोनाच्या ऐन साथींत, ह्या दोन संस्थांनीं साथरोगतज्ज्ञांच्या संघटनेसह एक संयुक्त निवेदन काढलें. साथरोगशास्त्र जाणणाऱ्यांचा सल्ला घेतला असता तर बरें झालें असतें. आणि परगांवच्या मजुरांस साथ अल्प असतांना, आरंभींच, घरीं जाऊं दिलें असतें तर पुढचा प्रसंग टळला असता, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. पोटासाठीं मुंबईस गेलेलीं माणसें ज्या माण-खटावच्या घरांतून आहेत, तेथें ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.