जोराच्या वाऱ्यात शिडाची लहान होडी

इ. स. १९६४ मध्ये फ्रँक डाय आणि बिल ब्रॉकबँक हे दोन ब्रिटिश गृहस्थ 'वाँडरर' नावाच्या उघड्या होडीतून स्कॉटलंडहून फेरो बेटांमार्गे नॉर्वेकडे निघाले. होडीची लांबी सुमारे ४.८ मीटर, म्हणजे एखाद्या बैलगाडीला बैल जुंपल्यावर जेवढी जागा लागते जवळपास तेवढीच. वाटेत नॉर्वेजियन समुद्रात ताशी ७५ ते ८८ किलोमीटर वेगाच्या, ब्युफोर्ट श्रेणीप्रमाणे नवव्या क्रमांकाच्या वादळाने त्यांना गाठले. होडी चार वेळा उलटली. डोलकाठी मोडली. चारही वेळा दोघांनी होडी सरळ केली, पाणी उपसून काढले आणि अखेर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ओलेसुंद बंदर गाठले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ मध्ये, डाय यांनी दुसऱ्या एका सोबत्याला घेऊन याच होडीतून स्कॉटलंड ते आइसलंड हा प्रवास पार पाडला होता.

ही हकीकत वाचताना प्रथम धाडसाचे कौतुक वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अधिक विचार करण्यासारखा प्रश्न निराळाच आहे. ज्या होडीचे रिकामे वजन अवघे १७० किलोग्रॅमच्या आसपास असते, ती होडी अशा समुद्रात तग धरते कशी? आणि त्याहून कितीतरी सौम्य वाऱ्यात, किनारा नजरेच्या टप्प्यात असताना, होड्या उलटून माणसे दगावतात ती का? सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा सागरकिनारा, असंख्य खाड्या आणि धरणांचे विस्तीर्ण जलाशय लाभलेल्या आपल्या राज्यात हे प्रश्न केवळ हौशी नौकानयनपटूंपुरते मर्यादित राहत नाहीत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील छात्रांना शिडाची होडी हाकारण्याचे शिक्षण दिले जाते. खाडीकाठच्या गावांत तर होडी हे नित्याचे वाहन असते.

या प्रकारच्या लहान होडीला इंग्रजीत 'डिंगी' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून, नदीनाल्यांत चालणाऱ्या लहान नावेच्या हिंदी-बंगाली नावावरून उचलला. शब्द गेला आणि शंभर-दोनशे वर्षांनी खेळाच्या रूपाने परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, तरी त्यांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात घेण्यात आल्या होत्या. त्यांत 'फायरबॉल' या दोघांनी चालवावयाच्या डिंगीच्या गटात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. सकाळी ताशी १५ किलोमीटर वाऱ्यात सुखाने चाललेली होडी दुपारी ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात हाताबाहेर का जाते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. माणसाला वारा 'थोडा वाढल्यासारखा' वाटतो. शिडाला तो चौपट झालेला असतो.

मोठे जहाज आपल्या वजनावर उभे राहते. डिंगीला ती सोय नाही. तिच्या तळाला जड धातूचे वजन नसते. पोटातून पाण्यात उतरणारी एक फळी असते, ती होडीला आडवे घसरू देत नाही एवढेच. होडी सरळ ठेवण्याचे काम आतल्या माणसांच्या वजनाला करावे लागते. म्हणूनच वारा वाढला की खलाशी वाऱ्याकडच्या काठावर बसून, पाय पट्ट्यांत अडकवून, पाठीवर पाण्याबाहेर झुकलेले दिसतात. पाहणाऱ्याला ही कसरत वाटते. वस्तुतः तो तराजू असतो.

तराजूच्या एका पारड्यात दोन माणसांचे वजन आणि दुसऱ्यात चौपट होऊ शकणारा दाब! हा सामना शक्तीने जिंकता येत नाही, म्हणून नौकानयनाच्या शिक्षणात पहिला धडा दोरी सोडण्याचा असतो. शीड आवळून धरणारी दोरी हातातच ठेवावी, ती कधीही पक्की बांधून टाकू नये. वाऱ्याचा झोत आला की ती क्षणभर सैल सोडावी, शीड फडफडू द्यावे, होडीचे नाक किंचित वाऱ्याकडे वळवावे आणि झोत ओसरताच दोरी पुन्हा ओढावी. नवशिक्या माणसाची प्रवृत्ती नेमकी उलट असते. घाबरलेला हात मुठीतील वस्तू अधिकच घट्ट धरतो आणि घट्ट धरलेली दोरीच होडी उलटविते. हे वळण बोटांना लागावे लागते. पुस्तक वाचून ते लागत नाही.

दुसरा उपाय शीड लहान करण्याचा. शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधला की वाऱ्याला सापडणारे कापड कमी होते आणि दाब खाली येतो. हे काम उथळ, शांत पाण्यात पाच मिनिटांचे असते. खवळलेल्या समुद्रात तेच जिवावर बेतते. म्हणून अनुभवी लोक शीड लहान करूनच किनारा सोडतात आणि वारा पडला तर मग ते मोठे करतात.

लाटांचा स्वभाव

लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. लाट मोठी असणे हा मात्र स्वतः धोका नव्हे. लांब, गोल पाठीची दोन-तीन मीटर उंचीची लाट लहान होडीला पाळण्यासारखी वर नेऊन खाली ठेवते. धोका असतो तो उभ्या आणि फुटणाऱ्या लाटेत. तिच्यातील पाणी नुसते वरखाली न होता पुढे धावून येते. अशी लाट होडीवर आडवी आदळली तर कितीही कुशल नाविकाला होडी सावरता येईलच असे नाही.

वाऱ्याच्या दिशेने तिरपे चढत जाताना लाटेच्या चढावर नाक थोडे वाऱ्याकडे घ्यावयाचे आणि माथा ओलांडला की किंचित बाजूला वळवून पाठीवरून उतरावयाचे, अशी ही नागमोडी चाल असते. होडीचा वेग मात्र पडू देता कामा नये, कारण थांबलेल्या होडीचे सुकाणू चालत नाही.

वारा पाठीशी असतानाची वाटचाल सोपी वाटते, परंतु अधिक अपघात तेथेच होतात. लाटेच्या उतारावरून होडी घसरत सुटते; पुढच्या लाटेच्या पायथ्याशी तिचे नाक पाण्यात रुतले तर ती जागीच अडून आडवी होते. म्हणून माणसांनी मागे सरकून बसावे लागते. दुसरे भय शिडाखालच्या आडव्या काठीचे. पाठीमागचा वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला गेला की ही काठी एका झटक्यात होडीभर फिरते आणि वाटेत डोके सापडले तर ते फोडते. शीड मुद्दाम फिरवावयाचे असेल तर होडी लाटेवरून सर्वांत वेगाने घसरत असते तो क्षण निवडतात. हे प्रथम ऐकताना विपरीत वाटते. पण होडी वाऱ्याच्याच दिशेने वेगात पळत असली की शिडाला लागणारा वारा तेवढ्याने कमी होतो.

डाय यांनी वादळात होडी चालविण्याचा हट्ट धरला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांच्या होडीची डोलकाठी बिजागरीवर आडवी करता येत असे. ती उतरवून होडीच्या नाकाला कापडी नांगर बांधावयाचा, हा त्यांचा शिरस्ता होता. पाण्याने भरलेला हा पिशवीसारखा नांगर तळाला लागत नाही. तो पाण्यात ओढ निर्माण करून होडीचे नाक लाटेकडे धरून ठेवतो. शिवाय इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेल्या या 'वेफेअरर' जातीच्या होडीत पुढे-मागे हवाबंद कप्पे असतात. होडी पाण्याने भरली तरी ती बुडत नाही.

होडी उलटल्यावर

या कप्प्यांमुळेच नौकानयनातील सर्वांत महत्त्वाचा नियम पाळता येतो : उलटलेली होडी सोडू नये. किनारा जवळ दिसतो, पोहता येते, म्हणून माणूस निघतो आणि वाटेत दमतो. पाण्यावरचे अंतर डोळ्याला नेहमीच कमी भासते. लाटांत एकटे डोके शोधणे अतिशय कठीण, पण होडीचा उलटा तळ दूरवरून दिसतो. कोमट समुद्रातही पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने शोषून घेते आणि काही तासांत हातापायांतील बळ जाते.

होडी सरळ करण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम सर्वजण वर आहेत ना, शिडाखाली कोणी अडकले नाही ना, हे पाहावे. शिडाची दोरी सोडवावी. एकाने तळाकडे जाऊन पाण्याबाहेर आलेल्या फळीवर उभे राहावे व काठ धरून मागे रेलावे. दुसऱ्याने आतल्या बाजूला पाण्यात आडवे तरंगत राहावे, म्हणजे होडी सरळ होताना तो आपोआप आत येतो. मग पाणी उपसावे. उपसण्याचे भांडे दोरीने बांधलेले नसेल तर ते त्या वेळी समुद्रात केव्हाच वाहून गेलेले असते!

आपल्याकडे यास एक पुस्ती जोडावी लागेल. गावोगावच्या लाकडी होड्यांत हवाबंद कप्पे बहुधा नसतात. त्यांतून माणसांची ने-आण होत असेल तर प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असणे हाच त्याला पर्याय आहे. जाकीट अंगावर हवे, फळीखाली गुंडाळून ठेवलेले नव्हे.

खाडीच्या तोंडाशी

कोकणातील मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शाळेत शिकविले जातात. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा यांच्या आधारे आपल्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या बाहेर नेल्या व परत आणल्या. उन्हाळ्यात हा दुपारचा वारा चांगलाच चढतो. अशा वेळी ओहोटी लागली असेल तर खाडीचे पाणी बाहेर धावते आणि वारा त्याच्यावर समोरून येतो. प्रवाह व वारा एकमेकांसमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यातच मुखाशी वाळूचा दांडा असला तर कमी खोलीमुळे त्या फुटू लागतात. बाहेरचा समुद्र बरा आणि खाडीचे तोंड वाईट, असा प्रकार होतो. भरतीची वाट पाहिली तर तेच पाणी दोन-तीन तासांत बरेच निवळते. हे ज्ञान बंदरावरच्या कोणत्याही वृद्ध तांडेलाजवळ असते. भूगोलाच्या तासाला त्याला शाळेत बोलाविणे अवघड नाही.

होडी उलटवून पुन्हा सरळ करण्याचा सराव मात्र निवांत दिवशीच करावा. तळ माहीत असलेले पाणी, अंगावर जाकिटे, शेजारी दुसरी होडी आणि पट्टीचे पोहणारे दोघे एवढी तयारी पुरते. डोलकाठी चिखलात रुतणार नाही इतकी खोली आहे ना, हे तेवढे आधी बांबूने मोजून घ्यावे.