रूळ एक, हुकूम दोन

माळव्यातल्या देवास या एका गावाला दोन राजे होते. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू १७२८ साली इथे आले. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच वस्तीत नांदली. वस्ती एकच, पण प्रत्येक पातीचे लोक आपापल्या राजाचा हुकूम मानत. छोट्या रेल्वेचा छंद असलेल्यांना नेमकी हीच व्यवस्था हवी असते. रूळ एकच असावेत, आणि त्यावरच्या प्रत्येक इंजिनाने फक्त आपल्या नावाने आलेला हुकूम ऐकावा.

जुन्या पद्धतीत हे होत नाही. रुळांत बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडायचा. व्होल्टेज वाढवलं की गाडी वेगात जाते, ध्रुव उलटे केले की मागे येते. हुकूम रुळांना मिळतो, इंजिनाला नाही. म्हणून एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम निघतात. आणि वीजच बिघडली तर गाडी कुणाचंच ऐकत नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी विजेवरच चालते. तिच्या सात डब्यांवर ‘सिंदिया’ नावाची सात इंग्रजी अक्षरं आहेत, आणि डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते. एका मेजवानीत विजेचा घोटाळा होऊन ती व्हाइसरॉयसमोर बेफाम सुटली, असा किस्सा ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या पुस्तकात आहे. पुण्यात कोथरूडजवळ भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. अनेक गाड्या एकाच वेळी शिस्तीत चालवणं किती कष्टाचं काम आहे, ते तिथे गेल्यावर कळतं.

यावर उत्तर काढलं जर्मनीतल्या बेर्न्ड लेन्झ यांनी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तयार केलेली पद्धत पुढच्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिला डीसीसी म्हणतात. यात रुळांना सतत पूर्ण व्होल्टेज मिळतं, पण त्याचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा उलटतात. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटले तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून अधिक लागले तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेत आधी इंजिनाचा क्रमांक येतो, मग हुकूम, आणि शेवटी चूक पकडण्यासाठी पडताळणीचा आकडा. ही माळ प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डीकोडर वाचतो. क्रमांक आपला असेल तर मोटर फिरवतो, नसेल तर गप्प राहतो.

माळव्यातल्या माणसाने प्रतिकृतीसाठी कोणतं इंजिन निवडावं? माझं मत पक्कं आहे: इंदूरजवळच्या महूच्या घाटातलं मीटरगेज. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, आणि पाताळपाणी ते कालाकुंड हा घाटाचा तुकडा आज वारसा-गाडीसाठी राखला आहे. शेजारच्या धार शहराला रेल्वे कधी दिसलीच नव्हती; तिथून जाणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली. तेव्हा धारच्या जुन्या पिढीसाठी घराजवळची ‘आपली गाडी’ म्हणजे महूचीच. १:८७ या प्रमाणात मीटरभर रुंदीचे रूळ साडेअकरा मिलिमीटरचे होतात. स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांच्या प्रतिकृतींसाठी १२ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं तयार मिळतात. त्यांवर आपल्या वायडीएम-४ या डिझेल इंजिनाची बॉडी बेतता येते.

नव्या इंजिनांत सहसा सहा, आठ किंवा अधिक पिनांचं सॉकेट असतं. त्यात डीकोडर खोचला की संपलं. खरी परीक्षा असते ती सॉकेट नसलेल्या जुन्या इंजिनाची. अशा बहुतेक इंजिनांत धातूचा सांगाडाच वीज वाहतो. चाकाकडून आलेला प्रवाह सांगाड्यातून थेट मोटरच्या कार्बन ब्रशपर्यंत पोचतो. डीकोडर बसवायचा तर ही जुनी वाट पूर्ण तोडावी लागते. मोटर बाहेर काढायची, ब्रशला टेकणारी पट्टी वाकवायची किंवा कापायची, आणि मोटर बसते त्या खाचेत वीज अडवणारी पिवळसर कॅप्टॉन टेप लावायची. मग मल्टीमीटर घ्यायचा. दोन्ही ब्रश आणि दोन्ही बाजूंची चाकं, अशा चारही जोड्या तपासायच्या. एकाही ठिकाणी बीप आला तर पुढे जायचं नाही. रुळावरची वीज ब्रशवाटे डीकोडरच्या मोटरच्या टोकात उलटी शिरली तर तो क्षणात जळतो. सगळ्या कामातला निम्मा वेळ या तपासणीला दिला तरी तो वाया जात नाही.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल तार उजव्या चाकांकडे, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरच्या दोन टोकांना. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन तार. एलईडी लावताना लांब पाय निळ्या तारेकडे, आणि मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर हवाच. प्रत्येक सांध्यावर आधी स्लीव्ह सरकवून ठेवायची आणि मगच सोल्डर करायचं. अख्ख्या डीकोडरला मात्र स्लीव्हमध्ये गुंडाळू नये, त्याला हवा लागते. मोटर हाताने अडवून ती किती प्रवाह खेचते ते आधीच मोजलेलं असावं, आणि डीकोडरची क्षमता त्याहून जास्त असावी.

बॉडी चढवण्याआधी इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवायचं. तिथे प्रवाह इतका कमी असतो की तार चुकली तरी सहसा काही जळत नाही. कारखान्यातून आलेल्या डीकोडरचा क्रमांक ३ असतो. तो डीकोडरच्या स्मृतीतल्या पहिल्या खान्यात, म्हणजे सीव्ही-१ मध्ये, बदलता येतो. सीव्ही-३ वेग किती हळू चढावा ते ठरवतो, सीव्ही-४ किती हळू उतरावा ते. घाटातल्या इंजिनासाठी दोन्ही आकडे मोठे ठेवावेत. जड गाडी झटक्यात निघत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ रुळांवर बसते आणि गाडी अडखळते. चाकं अल्कोहोलने पुसावीत, जागा असेल तर डीकोडरला छोटा कपॅसिटर जोडावा, म्हणजे क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालत राहतं.

पाताळपाणीचा चढ चाळीसास एक आहे. तिथे गाडीला दोन इंजिनं लावायची असतील तर दोघांच्या सीव्ही-१९ मध्ये एकच सामाईक क्रमांक भरायचा, म्हणजे दोन्ही एकाच हुकमावर चालतात. त्याआधी दोघांचा वेग जुळवून घ्यायचा, नाहीतर एक दुसऱ्याला फरफटवत नेतं. मागचं इंजिन उलट्या तोंडाने जोडलेलं असेल तर त्याच्या सीव्ही-१९ च्या आकड्यात १२८ मिळवायचे.