कूस उजवण्याचा हिशेब

इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे २५ जुलै १९७८ रोजी शरीराबाहेर फलन (आयव्हीएफ) करून जन्मलेली जगातली पहिली मुलगी, लुईस ब्राउन, जन्मली आणि सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ‘दुर्गा’ जन्मली. लुईसच्या जन्मामागचे संशोधक स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी नैसर्गिक पाळीतले एकच स्त्रीबीज मिळवले होते. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शने देऊन अधिक बीजे तयार केली, गर्भ गोठवून ठेवला आणि पुढच्या एका पाळीत तो गर्भाशयात सोडला. आज हा क्रम आयव्हीएफ केंद्रांत नित्याचा आहे. त्या वेळी मात्र राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी झालेला जन्म भारतातला असा पहिला जन्म मानला गेला. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत असलेले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला.

या कथेतून आपण बहुधा एकच बोध घेतो : नव्या कल्पनेला नाकारू नये. माझ्या मते खरा बोध वेगळा आहे. समितीचा दोष शंका घेण्यात नव्हता, नीट न तपासता निकाल देण्यात होता. आज तोच दोष उलट्या दिशेने घडतो. तेव्हा न तपासता नाकारले, आता न तपासता स्वीकारतो. गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला आधी बारीक ओरखडे काढण्याची पद्धत जगभर वर्षानुवर्षे चालली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले : ओरखडे काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत मूल जन्मण्याचे प्रमाण २६.१ टक्केच. गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी करून निवड केली की यश वाढते, असेही सांगितले जाते. चीनमधल्या १,२१२ स्त्रियांवरील २०२१ च्या चाचणीत तपासणीच्या गटात एकूण ७७.२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ८१.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. गर्भपात कमी झाले, हे खरे. पण पाळणा अधिक घरांत हलला नाही.

यावर आक्षेप येतो की, पस्तिशी-चाळिशीतल्या स्त्रीला चाचण्यांचे निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ कुठे आहे? शिवाय चिनी चाचणीतल्या स्त्रिया सदतीस वर्षांपर्यंतच्या होत्या. वयाने मोठ्या स्त्रियांना ती कशी लागू करायची? दुसरा मुद्दा रास्त आहे, पण त्यातून त्या वयोगटात वेगळी चाचणी हवी एवढेच निघते. तपासणी सर्वांना सरसकट विकण्याची मुभा निघत नाही. पहिल्याचे उत्तर असे की, वेळ थोडा असतो म्हणूनच तो आणि गाठीचा पैसा निरुपयोगी उपचारांत जाऊ नये. पुराव्याचा आग्रह धरला असता तर मुखोपाध्यायांचाच प्रयोग अडला असता, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्याकडे नोंदी होत्या. त्या वाचणारे कोणी नव्हते.

म्हणून नोंदी उघड होणे हा कळीचा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था केंद्रनिहाय जन्मदर प्रसिद्ध करते. आपल्या २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यानेही राष्ट्रीय नोंदवही आणि केंद्रांकडून माहिती घेण्याची तरतूद केली आहे. त्या माहितीतून केंद्रनिहाय आणि स्त्रीच्या वयानुसार, सुरू केलेल्या दर शंभर उपचारचक्रांमागे किती मुले जन्मली, एवढा एक तक्ता दरवर्षी लोकांसमोर यावा. तोपर्यंत वाचकांनी उपचाराच्या संमतीवर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, हे केल्याने किती जास्त जणींना मूल झाले?