एकाच कौशल्याचा सर

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये लांब धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या 'वाइड रिसीव्हर' खेळाडूंना शिकवायला वेगळा पगारी प्रशिक्षक असतो. हे पद बढतीच्या वाटेवरची मधली पायरी समजलं जातं. डॅबो स्विनीचं उदाहरण घ्या. तो स्वतः अलाबामा विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय शिरलेला साधा खेळाडू. तिथेच पुढे प्रशिक्षक झाला, ती नोकरी गेल्यावर जमीनजुमल्याच्या धंद्यात दोन वर्षं काढली आणि २००३ मध्ये क्लेमसन विद्यापीठात रिसीव्हरांना शिकवायला आला. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथला तात्पुरता मुख्य प्रशिक्षक झाला, पुढे कायम झाला आणि २०१६ व २०१८ च्या हंगामांत त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे, मुंबईच्या वेशीवरच्या घोडबंदर किंवा भाईंदरच्या एखाद्या मुलाला खेळाडू म्हणून नाव झालं नाही, पण शिकवण्याची हातोटी आहे, तर त्याला अशी वाट आहे का? माझं म्हणणं असं, की ती आहे, पण फक्त वरच्या टोकाला. खालच्या पायऱ्या आपण बांधल्याच नाहीत.

मुंबईच्या क्रिकेटने शिकवणाऱ्याला 'सर' केलं आणि सरांवर सगळंच सोपवलं. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. त्यांचं शिकवणं शिवाजी पार्कवर आणि शारदाश्रम शाळेत चाललं. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. घोडबंदरहून दहिसर ओलांडलं की बोरिवली. तिथल्या स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड यांनी रोहित शर्माला ऑफस्पिनरचा फलंदाज केलं. पालघरच्या शार्दूल ठाकूरलाही त्यांनी याच शाळेत आणलं. आचरेकर आणि लाड या दोघांचे शिष्य भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये पोचले. गुरूंना मात्र तिथे जागा नव्हती, सत्कार होते.

ती जागा ज्यांना मिळाली ते बहुतेक स्वतः वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळलेले. पारस म्हांब्रे दोन कसोटी खेळले. रणजी संघ, भारत 'अ' आणि एकोणीस वर्षांखालील संघ असं करत २०२१ मध्ये भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. अमोल मुझुमदार भारताकडून कधीच खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणीत त्यांच्या अकरा हजारांवर धावा आहेत. राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, मग मुंबईचे मुख्य प्रशिक्षक आणि २०२३ पासून भारताच्या महिला संघाचे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत या संघाने विश्वचषक जिंकला. म्हणजे एका कौशल्यातून मुख्य पदाकडे जाणारी शिडी आपल्याकडेही आहे. तिच्या तळाशी पहारा आहे तो धावांचा आणि बळींचा.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या सामन्याचा ताण स्वतः सोसलेला नाही त्याने खेळाडूला काय सांगावं? शेवटच्या षटकात काय करायचं हे सांगण्यापुरता हा आक्षेप खरा आहे. पण झेल कसा घ्यायचा, थ्रो कुठून सोडायचा, हे बघून आणि मोजून शिकवता येतं. हैदराबादचे टी. दिलीप प्रथम श्रेणी क्रिकेट न खेळता, प्रशिक्षणाच्या परीक्षा देत, राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतून २०२१ मध्ये भारताचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक झाले. काम जितकं नेमकं, तितकी खेळाडू म्हणून केलेल्या नावाची गरज कमी. सगळंच शिकवणाऱ्याकडे लोक मागची पुण्याई बघतात. एकच गोष्ट शिकवणाऱ्याचं काम पुढच्याच सामन्यात तपासता येतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार. अमेरिकेत ही पदं पोसतं ते तिकिटं आणि टीव्हीच्या पैशावर उभं असलेलं विद्यापीठ. आपल्याकडे शाळेत ट्रॅक-पँट घातलेला एकच माणूस सामानाच्या चाव्यांपासून संघनिवडीपर्यंत सगळं बघतो. खासगी अकादम्या चालतात पालकांच्या फीवर, आणि पालक फी भरतात ती मुलाला नेटमध्ये बॅटिंग मिळावी म्हणून. म्हणून मला वाटतं, पहिली पगारी पायरी शाळेकडे किंवा अकादमीकडे मागण्यापेक्षा मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे मागावी. तिची हद्द मीरा-भाईंदरच्याही पुढे डहाणूपर्यंत जाते. दहा शाळांमागे एक फिरता क्षेत्ररक्षण प्रशिक्षक नेमायला नवं स्टेडियम लागत नाही. जवळच्या झेलांचा सराव शाळेच्या पटांगणातही होतो. सीमारेषेवरून थ्रो करायला मात्र पूर्ण मैदान हवं; घोडबंदर रस्त्यालगत टॉवर उभे राहण्याचा वेग पाहता त्यासाठीची आरक्षणं महापालिकेने आत्ताच जपायला हवीत.