स्वावलंबन आणि सोबत

कोणत्याही मोठ्या एस. टी. स्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलसमोर क्षणभर उभे राहिले, की एका प्रकारच्या पुस्तकांची गर्दी डोळ्यांत भरते. काम कसे करावे, प्रकृती कशी राखावी, सुखी कसे व्हावे, हे सांगणारी ही पुस्तके आपल्या वस्त्यांतील मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबरोबर पदरमोड करून विकत घेतात. वडीलधाऱ्यांपैकी काही जण त्यांना थोतांड म्हणतात, तर तरुणांपैकी काही जण त्यांतील शब्दन् शब्द खरा मानतात. ही दोन्ही टोके आम्हांला मान्य नाहीत. या पुस्तकांत घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, म्हणून हा लेख.

हा विचार आमच्या मनात आला तो एका अनुभवामुळे. आमच्या अभ्यासिकेत एक तरुण नियमित येत असे. ‘मनापासून इच्छा धरली की यश मिळतेच,’ हे त्याने एका पुस्तकात वाचले होते. हव्या त्या पदाचे नाव चिठ्ठीवर लिहून त्याने ती टेबलाला चिकटवली होती. पूर्वपरीक्षेत तो थोड्या गुणांनी राहिला आणि यायचाच बंद झाला. आम्ही घरी गेलो, तेव्हा म्हणाला, “सर, माझी इच्छाच कमी पडली.” एका खोलीत सहा माणसे, दिवसभर पार्सल पोहोचवण्याचे काम आणि रात्री अभ्यास, यातले काहीच त्याने हिशेबात धरले नव्हते. सगळा दोष त्याने स्वतःच्या माथी घेतला होता. पुस्तकाने त्याला उमेद दिली होती, हे खरे. पण तीच उमेद पुढे त्याच्यावर उलटली होती.

एका पुस्तकाची जन्मकथा

या प्रकारच्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणून सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ हेल्प’ या १८५९ सालच्या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. त्याची जन्मकथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. स्माइल्स हे शिक्षणाने डॉक्टर आणि पेशाने काही काळ संपादक होते. १८४५ च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स या गिरण्यांच्या शहरात अगदी गरीब थरातील दोन-तीन तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून शिकायचे ठरवले. पहिला वर्ग त्यांच्यापैकी एकाच्या झोपडीवजा घरात भरला. उन्हाळ्यात तो बागेत उघड्यावर भरू लागला. पाऊस आला की पाटीवरची गणिते पुसून जात. मुले वाढली, तेव्हा त्यांनी पूर्वी कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी वापरलेली एक कळकट जागा भाड्याने घेतली. ज्याला थोडे येई, तो त्याहून कमी येणाऱ्याला शिकवी. संख्या शंभराच्या घरात गेली. या मुलांपुढे बोलण्यासाठी स्माइल्स यांना बोलावले गेले आणि त्या भाषणांतून पुढे हा ग्रंथ उभा राहिला.

म्हणजे ‘स्वतःच स्वतःला मदत करा’ सांगणारे पुस्तक जन्मले ते एकमेकांना मदत करणाऱ्या मंडळातून! नावामुळे काहींनी तो स्वार्थाचा गौरव मानला, तेव्हा १८६६ च्या आवृत्तीत स्माइल्स यांनी हे नाव दुर्दैवी ठरल्याचे कबूल केले. स्वतःला घडवण्याच्या कर्तव्यात शेजाऱ्याला हात देणेही येते, असा खुलासा त्यांना करावा लागला. डेल कार्नेगी यांच्या १९३६ सालच्या गाजलेल्या पुस्तकामागेही १९१२ पासून न्यूयॉर्कमध्ये घेतलेले प्रौढांचे वर्ग होते. वर्ग मागे राहिला आणि पुस्तक तेवढे जगभर गेले. आपल्याला पुस्तकाबरोबर तो वर्गही हवा आहे.

काम

स्टीफन कोव्ही यांच्या १९८९ सालच्या ‘सेव्हन हॅबिट्स’ या पुस्तकातील एक भेद फार उपयोगाचा आहे. काही कामे तातडीची असतात, काही महत्त्वाची असतात, आणि आपण तातडीच्या मागे धावताना महत्त्वाचे विसरतो. आपल्याकडचे उदाहरण पाहा. राखीव जागेवरील प्रवेशाला लागणारे जात वैधता प्रमाणपत्र हे महत्त्वाचे काम. बारावी होईपर्यंत त्याची घाई वाटत नाही. प्रवेशाची तारीख डोक्यावर आली की पळापळ सुरू होते आणि हुशार मुलाची जागा कागदाअभावी धोक्यात येते. वेळेचे नियोजन म्हणजे डायरी रंगवणे नव्हे. जे आज कोणी मागत नाही, पण उद्या लागणार आहे, ते आज करणे हेच खरे नियोजन.

आरोग्य

एकवीस दिवसांत सवय जडते, असे सर्रास सांगितले जाते. याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘निदान’ गळाले आणि नियम उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. म्हणून बाविसाव्या दिवशी चालायला जाणे जमले नाही, तर आपण नालायक आहोत असे समजू नये; तेविसाव्या दिवशी पुन्हा निघावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. दररोज वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालले, तरी किमान मर्यादा गाठता येते. त्याला पैसा लागत नाही.

मात्र पहाटे पाच वाजता उठण्याचा उपदेश सरसकट सर्वांना लागू नाही. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी येणाऱ्या कामगाराने पाचला उठणे म्हणजे प्रकृतीची हेळसांड होय. प्रौढ माणसाला सात तासांच्या आसपास झोप हवीच. पुस्तक लिहिणाऱ्याला आपली पाळी ठाऊक नसते, ती आपणच ध्यानात घ्यावी.

सुख

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात विद्यापीठातील विद्यार्थी होते, तसेच पुढे जोडली गेलेली बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील मुलेही होती. अभ्यासाच्या संचालकांनी २०२३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा मथितार्थ सोपा आहे. जिव्हाळ्याची नाती असलेली माणसे अधिक सुखी तर राहतातच, पण त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहते. पन्नाशीत आपल्या नात्यांत समाधानी असणारे लोक ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. पैशाची चणचण माणसाला पोखरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण केवळ पैशाने एकटेपण जात नाही, हेही तितकेच खरे.

काय सोडावे?

तीव्र इच्छेने संपत्ती येते, हा विचार नेपोलियन हिल यांच्या १९३७ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केला. इच्छा हवीच, पण फी, जागा, वेळ, मार्गदर्शन आणि संधी यांची उणीव इच्छेने भरून निघत नाही. जे आपल्या हातात आहे, त्याची जबाबदारी आपण घ्यावी. जे हातात नाही, त्यासाठी संघटितपणे झटावे. पण न केलेल्या अपराधाची शिक्षा स्वतःला देऊ नये.

तो तरुण पुढे परत आला. एकट्याने नव्हे, तर परीक्षा देणारे तिघे मित्र त्याला घेऊन आले. आता चौघे मिळून एक पुस्तक घेतात, रविवारी एकमेकांचे पेपर तपासतात आणि एखादा दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जातात. टेबलावरची चिठ्ठी गेली आहे. तेथे चौघांचे वेळापत्रक आहे. निकाल काय लागेल तो लागो. ‘माझी इच्छा कमी पडली’ हे वाक्य मात्र आम्ही पुन्हा ऐकलेले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, ही पुस्तके अवश्य वाचा. वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका, दुसऱ्याला द्या आणि पंधरा दिवसांनी त्याला विचारा, “यातले काय जमले?” लीड्सच्या त्या मुलांनी याहून वेगळे काही केले नव्हते.