नेट गेलं? आधी तीन हाका मारा, मग फोन उचला



संध्याकाळचे सहा वाजलेत. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या तुमच्या शेडबाहेर कास्टिंग भरलेला टेम्पो उभा आहे, माल बेळगावला जायचाय. राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांच्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल आलंच. आणि नेमकं आत्ताच पोर्टल उघडेना! ऑफिसातला पोरगा राउटर बंद-चालू करतोय, तुम्ही नेटवाल्याला फोन लावताय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अर्धा तास गेला, आणि बिघाड कुठे होता ते शेवटपर्यंत कळलंच नाही.

हा अर्धा तास आज वाचवूया. खर्च शून्य.

कॉम्प्युटरमध्ये 'पिंग' नावाची कमांड असते. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती लिहिली. काम एकदम सोपं: समोरच्याला हाक मारायची आणि तो 'ओ' देतो का बघायचं. आपण तीन हाका मारायच्या.

पहिली राउटरला. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा क्रमांक दिसेल, साधारण १९२.१६८.१.१ असा. 'ओ' आली नाही, तर दुखणं तुमच्याच शेडमध्ये आहे: वायर, अडॅप्टर किंवा वायफाय बघा.

दुसरी ८.८.८.८ ला. हा गूगलचा सर्व्हर. राउटर 'ओ' देतोय पण हा देत नाही, तर गडबड बाहेरच्या लाइनमध्ये. नेटवाल्याला फोन करा आणि तोवर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बिल काढा.

तिसरी नावाने, गूगल डॉट कॉमला. आकड्याला 'ओ' येते, नावाला येत नाही, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय.

तिन्हींकडून 'ओ' आली? मग बहुधा पोर्टलच अडलंय. राउटरला त्रास देऊ नका.

आता हे रोज हाताने कोण करणार? नोटपॅडमध्ये या ओळी लिहा. इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप मात्र इंग्रजीतच करा. राउटरचा क्रमांक तुमचा टाका.

:चेक
इको %डेट% %टाइम% >> नोंद.टीएक्सटी
पिंग -एन १ १९२.१६८.१.१ >> नोंद.टीएक्सटी
पिंग -एन १ ८.८.८.८ >> नोंद.टीएक्सटी
पिंग -एन १ गूगल.कॉम >> नोंद.टीएक्सटी
टाइमआउट ६०
गोटू चेक

'नेटचेक.बॅट' नावाने सेव्ह करा आणि डबल क्लिक करा. साधारण दर मिनिटाला नोंद होत राहील. फाइलला 'पिंग' हेच नाव मात्र देऊ नका. ती स्वतःलाच हाका मारत बसते! नोंदीत 'टाइम्ड आउट' किंवा 'अनरिचेबल' दिसलं, की 'ओ' आली नाही असं समजा. आणि सरकारी पोर्टलला पिंग करून निष्कर्ष काढू नका, बऱ्याच साइट पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

याचा खरा फायदा तक्रारीच्या वेळी कळतो. "नेट सारखं जातंय हो" म्हटलं की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. "मंगळवारी ११:४० ते १२:१५ राउटर चालू होता, पण बाहेर काहीच लागत नव्हतं" असं नोंद दाखवून सांगितलं, की समोरच्याला टाळता येत नाही.

आजच फाइल बनवा, आठ दिवस चालू ठेवा, आणि पुढच्या रिचार्जचे पैसे भरण्याआधी ती एकदा उघडून बघा.